घाडींच्या घरचा उंबऱ्या

उंबऱ्याचे कान माझे. बाकी सगळा उंबऱ्या यंत्राने केला.

हे आधीच सांगून टाकते, कारण लोक भेटले की कौतुकाने गळ्यात पडतात. "तो तुमचाच ना? अगं, किती गोड आहे! माझ्या नातीकडे दोन आहेत." मी हसते. गोड आहेच तो. गोड नसता तर जगलाच नसता.

‘सवंगडी’ हा खेळ न खेळलेली माणसं आता फारशी उरलेली नाहीत, पण असतील तर त्यांच्यासाठी सांगते. डोळ्यांवर खेळाचा चष्मा चढवायचा आणि घराबाहेर पडायचं. एरवी रिकाम्या दिसणाऱ्या जागी, म्हणजे पाण्याच्या टाकीवर, बंद पडलेल्या टॉकीजच्या पायऱ्यांवर, नदीच्या घाटावर, चष्म्यातून जीव दिसतात. त्यांना चुचकारायचं, पकडायचं, जमवायचं, मित्रांशी अदलाबदल करायची. दर हंगामात नवे जीव येतात, आणि ते घडवणाऱ्या पुण्यातल्या कचेरीत मी नोकरी करते. पदाचं नाव जीवकार. आईला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे देवच की गो!" त्या दिवशी मीही जरा ताठ चालले होते.

मी लागले तेव्हा जीव खरंच माणसं काढत. मग ‘वाफा’ आला. हे यंत्र समजायला अवघड नाही. जीवकाराने त्याला एक बी द्यायचं: चार रेघा, एखादी आठवण, एखादा आवाज. वाफा त्या एका बीपासून हजारो जीव उगवतो. कुणाला सहा पाय, कुणाला शेपूट, कुणाचं पोट निळं. मग त्याच यंत्राच्या पोटात राहणारे लाखो खोटे खेळाडू त्या जीवांमध्ये सोडले जातात. हे खोटे खेळाडू खऱ्या खेळाडूंच्या नजरेवरून शिकलेले असतात. कशावर बुबुळं मोठी होतात, कशापाशी पाय थबकतात, कशासाठी माणूस जेवण सोडून धावतो, हे त्यांना पाठ असतं. ते ज्या जीवांमागे धावतात ते उरतात, बाकीचे मरतात. उरलेल्यांची पुन्हा सरमिसळ, पुन्हा निवड. आपला चहा होईस्तोवर कित्येक पिढ्या होऊन जातात, आणि शेवटी जो जीव बाहेर येतो त्याला नाही म्हणणं माणसाला शक्य नसतं.

जीवकाराच्या हातात दोनच गोष्टी उरल्या. बी, आणि स्वभावाची एक ओळ. ती ओळ मात्र यंत्र मोडत नाही.

माझं बी माझ्या गावाचं होतं. काजरथर, मालवणकडचं. आमच्याकडे गावपळण असते. काही वर्षांनी एकदा, मार्गशीर्षात, देवाला कौल लावून अख्खं गाव घरदार सोडतं. गुरं, कोंबड्या, कुत्री, तान्ही मुलं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, सगळ्यांना घेऊन वेशीबाहेरच्या सड्यावर जायचं. सडा म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार. तिथे माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या, म्हणजे झापांच्या, खोपटी बांधायच्या आणि गाव तीन दिवस त्याचं त्याला सोडून द्यायचं. आत माणूस म्हणून उरता कामा नये. मग पुन्हा कौल. सड्यावरच्या देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर देव हो म्हणाला, घरी चला. डावी पडली तर अजून बाहेर राहा.

लहानपणी खोपटीत पडल्या पडल्या मी आईला विचारलं होतं, "आता आपल्या घरात कोण आसतला?"

"आसतत कोण कोण," आई म्हणाली होती. "उंबऱ्यार बसान घर राखतत. निज आता."

ते उंबऱ्यावर बसणारं कोण कोण मी वाफ्यात पेरलं. अंगावर खवल्या मांजराचे खवले, कौलांवरून चालणाऱ्या कांडेचोराची, म्हणजे उदमांजराची, चाल, पालथ्या हंडीसारखं पोट. आई घर सोडताना दोन सुपं दाराशी उभी करून ठेवायची, त्यांचे मी कान केले. स्वभावाच्या जागी लिहिलं: "माणूस गेला की हा उंबऱ्यावर येऊन बसतो, आणि माणूस परतला की निघून जातो."

वाफ्याने खवले मऊ केले, पोट लहान केलं, कानांना हात लावला नाही. आणि स्वतःची एक भर घातली. खेळाडू जवळ गेला की उंबऱ्या मान वर करून बघतो, आलात का असं विचारल्यासारखा. माणूस ओळखीचा नाही हे कळलं की कान पाडतो. ती नजर मी सुचवली नव्हती. कुठल्यातरी पिढीत ती अवचित आली आणि खोट्या खेळाडूंचा पार पाघळून लगदा झाला.

आमचा प्रमुख अभिराम लेले पडद्यासमोर हात जोडून उभा राहिला. "दीक्षा, हा हंगाम खाणार," म्हणाला. त्याच्या भाषेत ही मोठीच स्तुती.

आता दुसरी गोष्ट समजून घ्यायला हवी. खेळाच्या सुरुवातीच्या वर्षांत खेळाडू लोकांच्या अंगणात, स्वयंपाकघरात शिरत. तेव्हा कायदा झाला की माणूस राहतो तिथे जीव ठेवायचा नाही. माणूस कुठे राहतो हे कळायचं कसं? मोबाइलच्या मनोऱ्यांतून निघणाऱ्या लहरी हल्ली इतक्या बारीक आहेत की त्या भिंतीतून आत जातात. माणूस म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाण्यातून जाताना लहरी मंदावतात. आत कुणी नुसता श्वास घेत पडला असेल तरी छातीच्या हालचालीने लहर किंचित थरथरते. त्या थरथरीवरून देशभराचा एक नकाशा सतत बनत असतो. त्याला आम्ही वावर म्हणतो. वावर नाही ती जागा रिकामी.

फक्त एक सोय करावी लागली. जीव पकडायला गेलेला खेळाडूच माणूस म्हणून मोजला गेला असता तर जीव पळूनच गेला असता. म्हणून चष्मा घातलेली माणसं वावरातून वजा करतात. थोडक्यात, खेळाडूंना माणसांत धरायचं नाही. हा नियम ठरला त्या बैठकीत मी होते, आणि इतरांबरोबर मीही हसले होते.

उंबऱ्याचा हंगाम सुरू झाला, मार्गशीर्ष लागला आणि बाबांचा फोन आला. माझे बाबा, सगुण घाडी, एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी माणसं मोजायची सवय गेली नाही. लग्नाच्या पंगतीतही ओठ हलत असतात. आमचं घर गावचं घाडी, म्हणजे देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालायचं आणि कौल लावायचा मान आमचा.

"कौल झालो. यंदा पळण आसा," बाबा म्हणाले. "ही माझी शेवटची, पुढच्या पळणीक मी कशाक आसतंय? ये तू."

मी रजा टाकून गेले. गाव रिकामं दिसलं तर उंबऱ्ये तिथेही येतील, अशी शंका मनात आली नाही असं नाही. पण घर महिनाभर बंद असल्याशिवाय यंत्र त्याला रिकामं धरत नसे, आणि आमचे तर तीनच दिवस. शिवाय बाबांनी वेशीवरच बजावलं, "तो फोन बंद कर. तीन दिवस जग तुझ्याशिवाय मरणा नाय."

सड्यावरचे ते पहिले दोन दिवस मी विसरणार नाही. एका चुलीवर चार घरांचं पिठलं, पोरांचा धिंगाणा, म्हाताऱ्यांच्या भुतांच्या गप्पा. बाबा दुपारी कातळावर आडवे होत आणि खाली झाडीत बुडालेल्या गावाकडे बघत राहत. "कसा गप पडलासा बघ," म्हणत. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खालून गाड्यांचे आवाज आले. आधी एकदोन, मग थांबेचनात. मी सड्याच्या कडेला गेले. गावाचा रस्ता गाड्यांनी भरला होता, आणि आमच्या पाणंदीतून चष्मे घातलेली माणसं चालत होती.

मी पिशवीतून माझा चष्मा काढून घातला.

काजरथरच्या प्रत्येक उंबऱ्यावर उंबऱ्या बसला होता. परबांच्या, मेस्त्रींच्या, शाळेच्या, सोसायटीच्या. कान उभे, नजर वाटेवर. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. असंच होतं ते, मी लहानपणी मनात पाहिलेलं, तंतोतंत. आणि लगेच आठवलं, ते इथे यायलाच नको होते.

फोन चालू करून मी अभिरामला गाठलं. त्याने आत बघून सांगितलं ते असं. हंगाम पहिल्याच आठवड्यात इतका पेटला की देशातली ओसाड घरं अपुरी पडली. तेव्हा यंत्राने महिन्याची अट बाजूला ठेवली आणि रिकामं काय याचा अंदाज स्वतःच बांधायला घेतला. काजरथरमध्ये एका दिवसात सगळे श्वास थांबले. विजेचे मीटर थांबले. गुरं गेली, कोंबड्या गेल्या, कुत्रीसुद्धा गेली. यंत्राच्या माहितीत अशी गावं एकाच कारणाने रिकामी होतात, धरणाच्या पाण्याखाली जायची असतात म्हणून. कुत्री घेऊन गेलेली माणसं परत येत नाहीत, असा त्याचा अनुभव.

"मग सांग ना त्याला की परत येणार आहेत!" मी ओरडले.

"कुणाला सांगू? हंगाम कुलूपबंद असतो, तुला माहीत आहे."

माहीत होतं. पूर्वी कंपन्या गुपचूप दुर्मिळ जीव कमीजास्त करून बाजार हलवत. लोकांनी आरडाओरड केली तेव्हा सगळ्यांनी मिळून कुलूप बसवलं. हंगाम सुरू झाला की कुठला जीव कुठे येतो यात कंपनीतला कुणीही, मालकसुद्धा, बोट घालू शकत नाही. किल्ली नाहीच मुळी. यंदाचा हंगाम शिमग्याच्या तोंडावर संपणार होता.

"पण उपाय सोपा आहे," अभिराम म्हणाला. "तुम्ही घरी जा. माणूस आत आला की उंबऱ्या जातो. तूच लिहिलंयस."

मी बाबांना सांगायला वळले. सगळं गाव माझ्या मागेच उभं होतं.

"आमी जाव घराक," बाबा शांतपणे म्हणाले, "पण गाव रिकामा झाल्याशिवाय पळण पुरी खय झाली? आत माणसा आसत. देव कौल कसो देतलो?"

"बाबा, तुम्ही गेल्याशिवाय ती माणसं जाणार नाहीत."

"आणि ती गेल्याशिवाय आमका जाऊक गावणा नाय."

ते एवढंच बोलले. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना सगळं कळलं होतं. मी मात्र अजून वाटा शोधत होते.

कौल लावला. डावा पडला. दुसऱ्या दिवशी लावला, डावा. आमच्या सरपंच रेवती परब, खमक्या बाई, तालुक्याला जाऊन आल्या आणि खोपटीत धप्पकन बसल्या. "साहेब म्हणतो, रस्तो सार्वजनिक. अंगणात शिरले तर तक्रार करा. तक्रार केली तर पंचनामा व्हयो. पंचनाम्याक घरमालक घरात हजर व्हयो!" त्या हसल्या, आणि मग डोळ्यांना पदर लावला.

साहेबाने दोन पोलीस पाठवले तेवढे. पोलिसांना चष्मे नव्हते, म्हणजे ते माणसांत मोजले जात. ते परबवाडीत शिरले की तिथले उंबऱ्ये नाहीसे होत आणि खेळाडू पळत मेस्त्रीवाडीत जात. पोलीस मेस्त्रीवाडीत गेले की झुंड परत परबवाडीत. दुपारपर्यंत त्यांनी हात टेकले आणि देवळाच्या पारावर सावलीला बसले.

खेळाडू काही वाईट नव्हते. हे मला बोचतं. चोरी झाली नाही, कुलूप फुटलं नाही. कुणी आमच्या तुळशीला पाणी घातलेलं मी वरून पाहिलं. ते नुसते उंबऱ्यापाशी बसत, हात पुढे करत, आणि उंबऱ्या कान पाडायचा तेव्हा खरंच कळवळत. पण त्यांच्या पायांनी शेणाने सारवलेली खळी, म्हणजे घरापुढची अंगणं, उखणली गेली, परसातली भाजी तुडवली गेली. आणि गाव रिकामं होईना.

इकडे सड्यावर पाणी संपत आलं. गुरं हंबरायला लागली. एका म्हातारीला धाप लागली, तिला मालवणला हलवलं. लोक माझ्याकडे बघेनासे झाले. मग बाबांकडेही बघेनासे झाले. चुलीपाशी कुणीतरी म्हणालं, "चेडवान भूत सोडल्यान, बापूस आमका बाहेर ठेवता." बाबांनी ते ऐकलं. त्यांनी भाकरी मोडली आणि खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला एक सुचलं. सुचलं तेव्हा मी इतकी खूश झाले की धावत गेले.

"बाबा! यंत्राच्या हिशेबात ती माणसंच नाहीत. चष्मा घातला की माणसांत धरत नाहीत. हे बघा." मी फोनवर वावराचा नकाशा उघडला. काजरथर काळंभोर. पोलीस गेल्यापासून आत एकही ठिपका नाही. "सगळं जग म्हणतंय की गाव रिकामं आहे. तसंच गाऱ्हाणं घाला ना देवाला. हे आत आलेत ते माणसांत मोडत नाहीत, त्यांना धरू नको म्हणावं."

बाबा नकाशाकडे बराच वेळ बघत राहिले. "कंडक्टराक माणूस मोजूक शिकवतंस?" म्हणाले. मग खाली नजर टाकून, "तुझे लोक तेंका खरांच मोजणत नाय?"

"खरंच नाही."

"तान्ह्या पोराचा मी तिकीट फाडलंय नाय, पण मोजलंय," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. तरी ते उठले. गावासाठी उठले, आणि मला वाटतं, माझ्यासाठी.

पाषाणापुढे सगळे जमले. बाबांनी नारळ ठेवला, पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आवाज बसला होता.

"बा देवा म्हाराजा! आज गाव तुझ्या सांगण्यान वेशीभायर इलासा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"आत जी काय माणसा..." बाबा थांबले. "आत जा काय फिरता, तां डोळ्यार काच लावन फिरता. तेका कोण माणसांत धरणा नाय. तूय धरू नको, म्हाराजा. गाव रिकामा झालो आसा समज आणि आमका घराक जावची वाट दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

उजवीकडची पाकळी हलली. बाया पुढे सरकल्या. वारा नव्हता. पाकळी तिथेच राहिली आणि डावीकडची गळून पडली.

बाबांनी पडलेली पाकळी उचलून डोळ्यांना लावली. माझ्याकडे वळून म्हणाले, "देवान तेंका माणसांत धरल्यान, बाय." त्यांच्या स्वरात राग नव्हता. मला तर वाटलं, त्यांना आतून थोडं बरंच वाटलं असावं. मला मात्र तिथल्या तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

त्याच दुपारी गाव मोडलं. सुरुवात कुणी केली ते सांगता येणार नाही. रेवतीकाकींनी त्यांची म्हैस सोडली आणि त्या उताराला लागल्या. बाबांजवळ येऊन पाया पडल्या, "घाडीनू, माफ करा. पोरा तापली आसत," एवढं बोलून गेल्या. मग बाकीचे. कोंबड्यांच्या टोपल्या, गादीच्या वळकट्या, कडेवर पोरं. प्रत्येकजण बाबांच्या पायाला हात लावून जात होता. बाबा प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होते. ओठ हलत होते. ते मोजत होते.

मी चष्मा घालून कडेला उभी राहिले. माणसं एकेक घरात शिरली तसे उंबऱ्ये उठले. प्रत्येकाने वर बघितलं. आणि ह्यावेळी कान पडले नाहीत, कारण आलेला माणूस घरचा होता. ते अंगणातून खाली उतरले आणि गेले. कचेरीत आम्ही हे दृश्य कधी पाहिलंच नव्हतं. घरचा माणूस परत आल्यावर काय होतं हे कुणी तपासलं नव्हतं. ओसाड घरात कोण परततो? खेळाडूंच्या गाड्या दिवस कलायच्या आत निघून गेल्या.

एकच उंबऱ्या राहिला. आमच्या घरचा.

"कौल नाय तर मी आत जाऊचंय नाय," बाबा म्हणाले. "गावाक जावचा लागला, गेलो. पण गावाचा तोंड मी. मी गेलंय तर पळण मोडली असा होता."

"आता ती पुरी कशी होणार, बाबा? गाव तर भरलं."

"तां माका कळता."

"मग किती दिवस?"

ते हसले. "तुझ्या यंत्राक इचार."

"मी एकटी जाते घरी," मी म्हणाले. "मी आत बसले की तो जाईल. निदान घर तरी..."

"जा. मी अडवणा नाय. पण घाडीच्या घरातला माणूस आत गेला म्हणजे घाडी आत गेलो. इतक्या वर्सांचो रिवाज आसा." जरा वेळाने म्हणाले, "तू पुण्याक जा. थय तुका कौल लागणा नाय."

आई तोवर चूल फुंकत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नको. ह्यांका सोडून मी खय जाव?" आणि तांदळाच्या डब्यात हात घातला.

मी पुण्याला गेले नाही. कचेरीला कळवलं. अभिरामने फोन करून सांगितलं की काजरथरची चित्रं जगभर फिरत आहेत, असा जीव पूर्वी झाला नाही, मला बढती आहे, आणि पुढच्या हंगामासाठी गावाकडचं आणखी काही सुचतंय का. मी म्हटलं, सुचत नाही. तो म्हणाला, घाई नाही, वाफ्याने तुझं हे सगळं बी म्हणून घेतलंच आहे, ते आपलं आपण काहीतरी उगवेल. मी फोन ठेवून दिला. काय उगवतंय ते विचारायचीही हिंमत झाली नाही.

रोज सकाळी बाबा अंघोळ करून पाषाणापुढे उभे राहतात. पाकळ्या लावतात. आता नुसते उभे असतात, गाऱ्हाणं घालत नाहीत. काय मागायचं ते त्यांनाही उमगत नसावं. खालून कुणी ना कुणी भाकरी, कालवण, पाण्याची कळशी आणून ठेवतं. गाव चांगलं आहे. बोलायला मात्र कुणी थांबत नाही, लाज वाटते त्यांना.

परवा एक मुलगी वर आली. इचलकरंजीची, कॉलेजातली असावी, पाठीला पिशवी, कपाळावर ढकललेला चष्मा, उन्हाने चेहरा लाल. तिने खोपट बघितलं, आईने तिला पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि बाबांना विचारलं, "आजोबा, घाडींचं घर कुठे आलं हो? सगळ्या गावात तेवढं एकच राहिलंय म्हणतात."

मी खोपटीतून बाहेर आले. बोलायला तोंड उघडलं, पण बाबांनी हात वर केला.

ते उठले. कंबर धरून सड्याच्या कडेपर्यंत तिच्याबरोबर गेले. बोट दाखवून, कंडक्टरने उतारूला थांबा सांगावा तसं, नीट समजावून सांगितलं. "हो फणस दिसता? थयसून उजवीकडे. चिऱ्याची पायरी आसा, शेवाळ धरलासा, सांभाळून चढ."

"नक्की रिकामं आहे ना?" मुलगी म्हणाली. "घरात कोणी असलं तर उगाच त्रास नको."

"नाय," बाबा म्हणाले. "कोण नाय थय. जा तू."